पहिला घोट

ट्राममध्ये माझ्या आजूबाजूच्या जागा एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा आधी वाटलं, या लोकांना माझ्याबद्दल काहीतरी कळलंय. समोरची मुलगी उठली. पुढच्या थांब्यावर शेजारचा गृहस्थ वर्तमानपत्राची घडी करून दाराशी जाऊन उभा राहिला, आणि उतरला मात्र नाही. एका बाईने मफलर नाकापर्यंत ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चोरून कोटाची बाही हुंगली, आणि हुंगल्यावर आठवलं की हुंगून आता काही उपयोग नाही. शेवटी माझ्याजवळ उरली ती एक म्हातारी, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून ताठ बसलेली. स्टेशनपाशी उतरताना ती वळली आणि म्हणाली, "तुम्ही एकटेच सभ्य निघालात हो, मस्यू. बाकीचे असे पळाले, जसं काही जन्मात कधी एप्वास खाल्लं नाही." पिशवीत एप्वासचं चीज होतं, तेही चांगलं पिकलेलं. ज्याच्यामुळे आमच्याकडे पाहुण्याला गाडीची डिकी उघडून देतात, सीटवर ठेवू देत नाहीत, ते चीज सहा थांबे माझ्यापासून दोन हातांवर बसून आलं आणि मला त्याचा पत्ता नाही. मी टोपीला हात लावून मादामचे आभार मानले. मी वाइनचा दलाल आहे. छत्तीस वर्षं मी या नाकावर जेवलो.

जानेवारीत ताप आला, चार दिवसांनी गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. पहिला आठवडा मी सर्दीवर ढकलला. दुसऱ्या आठवड्यात औषधवाल्यावर. तिसऱ्या आठवड्यात मी दिजाँ सोडून दूर लिआँला गेलो, तिथे मला कोणी ओळखत नाही, आणि एका डॉक्टरला नाक दाखवलं. त्याने नळी घालून पाहिलं, खांदे उडवले. येईल, म्हणाला, बहुतेक येईल. पण कधीकधी येतं ते वाकडं येतं, गुलाबाला जळक्या रबराचा वास येतो, कॉफीला सडक्या पानांचा, घाबरू नका. मी फी रोख दिली आणि घरी सांगितलं की एका गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. आमचा धंदा म्हणजे काय, तर शेतकऱ्याच्या तळघरात जायचं, पिंपातली वाइन चाखायची, थुंकायची, आणि बोन शहरातल्या पेढीला सांगायचं की हे घ्या, हे सोडा. कागदावर काही नसतं. शेतकरी माझ्या शब्दावर पिंप देतो, पेढी माझ्या शब्दावर घेते. ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो म्हातारा ब्लेझो म्हणायचा, दलालाने नाक विकावं आणि तोंड मिटावं. म्हणून मी तोंड मिटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फेब्रुवारीभर मी तळघरांतून गेलो, पेला फिरवला, डोळे मिटले, थुंकलो, आणि गेल्या तीस वर्षांत त्या त्या शेतकऱ्याबद्दल जे बोलत आलो तेच बोललो. आंबट-गोड जिभेला कळत होतं, रंग डोळ्यांना दिसत होता, बाकीचं आठवणीतून काढत होतो. लोक मान डोलवत होते. त्यांच्या त्या मान डोलावण्याकडेच मी जास्त लक्ष द्यायला लागलो.

जव्रे गावी एत्येन या शेतकऱ्याच्या तळघरात मी "छान, मऊ झालीय" असं म्हणालो, तेव्हा एत्येनने बायकोकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे अगदी क्षणभर. नवराबायको एकमेकांकडे दिवसातून शंभरदा पाहत असतील, त्यात काय एवढं, असं मी परतीच्या वाटेवर गाडीत स्वतःला समजावलं. पण मग तिने मला निरोप देताना घट्ट मिठी का मारली? तीस वर्षांत कधी मारली नव्हती. आणि पेढीचा खरेदीवाला, पोरगेला माणूस, फोनवर म्हणाला की यंदा वसंतातली चाखणी थोडी हलकी करू, तुम्ही दमत असाल. मी दमतो हे याला कोणी सांगितलं? सोमवारपासून चाखणी सुरू होणार होती. नवं वर्ष, म्हणजे गेल्या हंगामाची वाइन, पिंपात असतं, त्याला चव अजून धड नसते, आठवणीतून काढून चालत नाही, तिथे नाकच लागतं. एका चुकीच्या शब्दाने कुणाचं तरी वर्ष बुडतं. सोमवारी जायचं तर जायचं, नाहीतर शुक्रवारी फोन करून सांगायचं की तुमचा दलाल रेजिस संपला. यातलं काय करायचं ते मला ठरवायचं होतं, आणि ज्याच्यावर विसंबून ठरवावं असं काही माझ्यापाशी उरलं नव्हतं.

घरात तर आणखीच. ओदीलला मी काही सांगितलं नव्हतं. ती माझी बायको, तेहतीस वर्षांच्या संसाराची, आणि खरं सांगायचं तर तिचं नाक माझ्याहून तल्लख आहे, हे मी तिला कधीही कळू दिलेलं नाही. ती तळघरातच वाढली. बाप आणि भाऊ दोघेही पिंपांत आयुष्य काढणारे. तिच्या वेळी मुलींना तळघरात फार येऊ देत नसत, म्हणून ती शाळेत भूगोल शिकवायला गेली आणि तिचं नाक स्वयंपाकघरात राहिलं. तर फेब्रुवारीपासून ती सकाळी दुधाची बाटली उघडायची, हुंगायची आणि मोठ्याने म्हणायची, दूध चांगलं आहे. कोणाला सांगत होती? आम्ही दोघंच असतो. गॅसची बटणं दोनदा तपासायला लागली. बाजारातून आली की पिशवीतून वस्तू काढताना नावं घ्यायची, ही पुदिन्याची जुडी, हे बकरीचं चीज, अगदी ताजं, आंधळ्याला रस्ता सांगावा तसं. आणि तिचा भाऊ सिल्व्हँ, तो तर पूर्वी माझ्या तोंडाकडे बघायचा की भावोजी काय म्हणतात. आता रविवारी पेला उचलला की तोच आधी बोलायचा, "काळी चेरी, नाही का रे? मागून जरा मिरी." आणि थांबायचा, माझ्यासाठी. मीही म्हणायचो, मिरी, हो. रात्री अंथरुणात मला वाटायचं की हे सगळे मिळून माझ्यासाठी नाटक करतायत, आणि मग वाटायचं की नाटक मीच करतोय आणि चोराच्या मनात चांदणं. ओदीलला सरळ विचारावं तर विचारताच कबुली होत होती.

म्हणून ती बाटली. ट्राममधून उतरलो तो घरी न जाता सरळ मादाम तेव्हनँच्या दुकानात गेलो. तिथे एका टेकडीची नव्वद सालची लाल वाइन होती. टेकडीचं नाव लिहीत नाही, धंद्याची सवय. एक्याण्णवच्या मार्चमध्ये, ती पिंपात असताना, ब्लेझोने मला पहिल्यांदा एकट्याला पुढे केलं होतं. स्वतः जिन्यावर बसून राहिला, म्हणाला, आज तू सांग, मी ऐकतो. मी पेला नाकाशी नेला. सुकलेले गुलाब, पावसानंतरचं लोखंडी फाटक, चेरीच्या बिया दातांनी फोडल्यावर येतो तो कडवट वास, आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी उबदार, झोपलेल्या माणसाच्या मानेसारखं. मी ते सगळं बडबडलो. ब्लेझोने जिन्यावरून उठून त्याची चाखायची चांदीची वाटी माझ्या खिशात टाकली. त्याच वसंतात ओदीलचा आणि माझा साखरपुडा झाला, त्यामुळे ती मान कोणाची ते मला तेव्हाही माहीत होतं. हा एक वास मला तोंडपाठ आहे. हा नाही आला तर कुठलाच येणार नाही, एवढं साधं गणित मी केलं होतं.

मादाम तेव्हनँ मला पस्तीस वर्षं ओळखते, आणि पस्तीस वर्षांत मी तिच्याकडून काडेपेटीही विकत घेतलेली नाही. आमच्या धंद्यातला माणूस बाटली विकत घेत नाही. बाटल्या चालत येतात, नाताळला, पीक निघाल्यावर, उपकार फेडायला. हलवायाने दुसऱ्याच्या दुकानात जाऊन पेढे मागावेत तसा मी तिच्यासमोर उभा होतो. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, लग्नाचा वाढदिवस. "तुमचं लग्न तर सप्टेंबरातलं," ती म्हणाली, "मी जेवायला होते." मग तिने किल्ली घेतली, खाली गेली, आणि बाटली दोन्ही हातांत आडवी धरून वर आली. सहाशे चाळीस युरो. नाकापेक्षा मोती जड, आणि इथे तर नाकाचाच पत्ता नव्हता. मी बाटली दिव्यासमोर धरली, पातळी पाहिली, वरची पत्र्याची टोपी फिरते का ते पाहिलं, लेबलाचा कोपरा नखाने तपासला. मनात आलं, हिला माहीत असेल. गावाला माहीत असेल तर हिला का नसेल, आणि माहीत असेल तर नेमकी खराब बाटली खपवायला माझ्याइतकं चांगलं गिऱ्हाईक हिला कुठे मिळणार होतं? तिने ती कागदात गुंडाळताना सांगितलं, जुनी बाटली म्हणजे लग्नासारखं असतं, परत घेत नाही. ती हसली. मी त्या हसण्याचाही रस्ताभर विचार केला.

घरी मी ती स्वयंपाकघरातल्या कपाटावर उभी करून ठेवली. जुन्या वाइनमध्ये गाळ असतो. दोन दिवस उभी ठेवली की तो तळाशी बसतो. त्यामुळे आमच्याकडे आडवी बाटली म्हणजे ठेव आणि उभी बाटली म्हणजे बेत, हे घरात आलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. ओदीलने पदर झटकावा तसा ॲप्रन झटकला आणि विचारलं, कोणी दिली? मी म्हटलं, एत्येनने. ती म्हणाली, एत्येन कधीपासून एवढा उदार झाला, त्याच्याकडे पाणी मागितलं तर पेला घरून आणा म्हणतो. मी म्हटलं, झाला असेल. तिने लेबल वाचलं, बराच वेळ वाचलं, नव्वद या आकड्यावर तिचं बोट थांबलं. मग तिने सिल्व्हँला फोन करून रविवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि खाटकाला कोंबडी सांगितली. मोहरी लावून ससा करायचा बेत होता तो तिने मोडला, कारण एवढ्या वयाच्या वाइनला मोहरी सोसत नाही. शुक्रवारी मी पेढीला फोन केला नाही. शनिवारी बाटलीवरून तीनदा हात फिरवला. तिच्या शेजारीच कपाटावर बरणी होती.

त्या बरणीबद्दल सांगायला हवं. राखाडी मातीची, पोटाशी लाकडी तोटी असलेली, व्हिनेगरची बरणी. आपण दह्याला विरजण लावतो तसं व्हिनेगरलाही लागतं. बरणीच्या तळाशी एक गुळगुळीत मांसल साय असते, तिला इकडे आईच म्हणतात, आणि उरलेली वाइन तिच्या अंगावर ओतत राहिलं की ती तिचं व्हिनेगर करते, पिढ्यान्‌पिढ्या. ही ओदीलच्या बेर्त आत्याची. युद्धात घर सोडून पळताना आत्याने चांदीचे चमचे मागे ठेवले आणि ही बरणी हातगाडीवर घातली, दोन गाद्यांच्या मध्ये. आत्या गेली तेव्हा वकिलाने यादी वाचली, शेत सिल्व्हँला, घर सिल्व्हँला, आणि ओदीलला बरणी. ओदील ती मांडीवर घेऊन बसने दिजाँला आली आणि दिवसभर आनंदात होती. या घरात वाइनचा एक थेंब वाया जात नाही, जे उरेल ते बरणीत. फक्त एका गोष्टीला बंदी. कधीकधी बाटलीच्या बुचालाच कसली तरी बुरशी धरलेली असते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास लागतो. तशी वाइन बाधत नाही, पण तिचा पेलाभर जरी बरणीत गेला तरी तो वास आईला लागतो आणि मग जात नाही. अख्खी बरणी फेकावी लागते. म्हणून ओतण्याआधी ओदील प्रत्येक बाटलीचं तोंड हुंगते, मग ती बाटली आम्ही तासाभरापूर्वीच प्यायलेली असली तरी. एका नाताळला सिल्व्हँ चढलेल्या अवस्थेत न हुंगता ओतायला गेला तेव्हा तिने पाहुण्यांसमोर त्याच्या हातावर चापट मारली होती. तो तेव्हा पन्नाशीचा होता.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. कोंबडी ओव्हनमध्ये होती आणि ओदील म्हणाली की छान खरपूस वास सुटलाय, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावल्यासारखं केलं, की मला तसं दिसलं. सिल्व्हँ नवा शर्ट घालून आला. मी बूच काढलं. जुनं बूच, अर्ध्यात मोडेल असं वाटलं, पण सगळं आलं. मी ते नाकाशी न नेता खिशात टाकलं. बूच हुंगून बाटली ओळखणारे लोक मला आवडत नाहीत, ब्लेझोलाही आवडत नसत. मग मी माझ्या पेल्यात दोन बोटं ओतली, कारण यजमान पहिला घोट घेतो, तो मान डोलावतो आणि मगच बाकीच्यांना मिळते. दोघंही गप्प होते. नको इतके गप्प. मी पेला फिरवला आणि नाक आत घातलं.

काही नाही. पांढरी भिंत. मी श्वास सोडला आणि पुन्हा घेतला, हळू, तोंड किंचित उघडं ठेवून, पोराला शिकवतात तसा. आणि तेव्हा लांबून, खूप लांबून, एखाद्या घराच्या तळमजल्यावर कोणीतरी दार उघडावं तसं काहीतरी आलं. गुलाब नव्हते. लोखंड नव्हतं. ओला पुठ्ठा होता. भिजून कपाटामागे पडलेलं वर्तमानपत्र. अकरा आठवड्यांनी मला वास आला होता आणि तो बुचाचा वास होता, खराब, कुजकट, नि:संशय, आणि माझे डोळे भरून आले. सहाशे चाळीस युरोंची माती झाली होती आणि मला टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. एवढं बोलायचं होतं फक्त, बूच लागलंय, फेका. शब्द ओठांवर आले. आणि मग लिआँच्या डॉक्टरचे खांदे आठवले. येतं ते कधीकधी वाकडं येतं. गुलाबाला रबर, कॉफीला सडकी पानं. मग नव्वद सालच्या वाइनला पुठ्ठा का नाही? बाटली खराब आहे की नाक खराब आहे, हे मी एकटा कसा ठरवणार? आणि ही दोघं इतकी गप्प का आहेत? समोर दोन उत्तम नाकं बसली होती. मी ठरवलं की काही बोलायचं नाही, तोंडं बघायची. मी मान डोलावली, जशी छत्तीस वर्षं डोलावत आलो तशी, आणि दोघांचे पेले भरले.

सिल्व्हँने पेला उचलला. त्याच्या नाकपुड्या एकदा हलल्या आणि थांबल्या, आणि मी शपथेवर सांगतो की त्याने बहिणीकडे पाहिलं. ओदीलने पेल्यात नाक घातलं, नेहमीपेक्षा कमी वेळ. "सुंदर आहे," ती म्हणाली. सिल्व्हँ म्हणाला, "व्वा. नव्वद ते नव्वद. गुलाब बघ काय आलाय, सुकलेला." गुलाब. मी त्याला ती गोष्ट शंभरदा सांगितली होती, ब्लेझोची, जिन्याची. म्हणजे हा माझीच आठवण मला वाढत होता? की खरंच गुलाब होता आणि तो मला येत नव्हता? आम्ही जेवलो. कोंबडी मऊ होती. सिल्व्हँ पेल्याला ओठ लावत होता आणि त्याच्या गळ्याची घाटी हलत होती की नाही ते मी बघत होतो. ओदील पाव जास्त खात होती, प्रत्येक घोटावर पाव. पण ती कोंबडीच्या रश्शाला नेहमीच पाव घेते. मी दोन वेळा हुंगलं आणि दोन्ही वेळा तोच पुठ्ठा, आता अधिक जवळ, अधिक ठसठशीत. दोन उत्तम नाकं खोटं बोलत होती किंवा माझं एकटं नाक. नाक खरं असेल तर मी सोमवारी कामावर जाणार होतो आणि माझी बायको फेब्रुवारीपासून मला फसवत होती, हसत हसत, दूध चांगलं आहे म्हणत. नाक खोटं असेल तर ती साधी बाई होती आणि मी संपलो होतो. यातलं मला कोणतं हवं होतं, हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

बाटली अर्धी उरली. एवढी उरणं हीच शंकेची गोष्ट होती, पण ओदील म्हणाली की आता वयाने जास्त सोसत नाही, उद्या पिऊ. तेव्हा मला ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो, हे लपवत नाही. मी म्हटलं, एवढी म्हातारी वाइन उद्यापर्यंत टिकते थोडीच, उरलेली बरणीत टाक. ओदीलचा हात टेबलक्लॉथवरचा पावाचा चुरा गोळा करत होता तो थांबला. सिल्व्हँ घाईने म्हणाला, अरे असली वाइन कोणी व्हिनेगरला घालतं का, मला दे, मी घरी नेतो. मी म्हटलं, तुला सात महिने पुरेल एवढी वाइन तुझ्या घरी आहे. आत्याच्या बरणीला कधीतरी राजाचं जेवण मिळू दे. मी हे थट्टेच्या सुरात म्हटलं, आणि ओदीलच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझा हिशेब असा की तिने ओतली तर वाइन चांगली आणि माझं नाक गेलं. नाही ओतली तर तिचं खोटं पकडलं. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ती उठली. बाटली घेतली. कपाटापाशी गेली, बरणीचं लाकडी झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि व्हिनेगरचा तो झणझणीत, स्वच्छ वास टेबलापर्यंत आला, मला आला, इतका सरळ आला की माझ्या नाकाबद्दल आता शंकाच उरली नाही. व्हिनेगरला व्हिनेगरचाच वास येत होता. मग पुठ्ठ्याला पुठ्ठ्याचा. ओदीलने बाटली उचलली आणि तिचं तोंड हुंगलं नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा हुंगलं नाही. तिने मान खिडकीकडे वळवली, डावा हात बरणीच्या काठावर ठेवला, आजारी कुत्र्याला सुई देताना धरतात तसा, आणि ओतायला सुरुवात केली. सिल्व्हँ ताटात बघत होता. मला कळलं. तिथेच, पहिला थेंब पडता पडता, सगळं कळलं, की ती का ओततेय आणि कोणाची लाज राखायला ओततेय, आणि त्या बरणीची किंमत तिच्या लेखी काय आणि ती तिने कोणावरून ओवाळून टाकली. बाटलीत अजून बरंच होतं. एक शब्द पुरला असता. पण छत्तीस वर्षांची सवय, आधी पुरतं चाखावं आणि मग बोलावं. मला बघायचं होतं की ती शेवटपर्यंत जाते का. ती गेली. गाळ आला तेव्हा तिने बाटली सरळ केली, तोंडाला लागलेला थेंब बोटाने पुसला आणि झाकण लावलं.

मग मी म्हटलं, "बूच लागलं होतं तिला."

ओदील वळली. तिचा चेहरा असा उजळला की तसा मी साखरपुड्यानंतर पाहिला नव्हता. "तुला वास आला?" ती म्हणाली, आणि पुन्हा, माझ्याकडे दोन पावलं येत, दोन्ही हात पुढे करून, "रेजिस, तुला आला वास? कधी?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, झाकण काढल्यावर, असं म्हणता आलं असतं. तीन महिने मी खोटंच तर बोलत होतो, आणि आता नेमकं खरं तोंडातून गेलं. मी म्हटलं, पहिल्याच घोटाला.

तिचे हात तसेच पुढे राहिले. मग तिने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बरणीकडे. सिल्व्हँ खुर्ची मागे सारून उठला आणि सिगारेट ओढायला गॅलरीत गेला; त्याने सहा वर्षांपूर्वी सिगारेट सोडली आहे.

"म्हणजे मी ओतत होते," ओदील हळूच म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं."

मी खिशातलं बूच मुठीत धरलं. ती आवाज चढवणारी बाई नाही. तिने हात ॲप्रनला पुसले, बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली आणि मोरीत रिकामी केली. सगळ्यात शेवटी ती आई आली, जांभळट, जड, एकदम पडली. ओदीलने पाणी सोडलं आणि बराच वेळ सुरू ठेवलं. सगळं घर व्हिनेगरच्या वासाने भरलं होतं, त्यात कोंबडीची चरबी, मेण लावलेलं फर्निचर, खिडकीतून येणारा गाड्यांचा धूर, आणि ती माझ्या जवळून गेली तेव्हा तिच्या मानेचा वास, नव्वद सालचा, जसाच्या तसा. ती थांबली नाही.

सोमवारी मी कामावर गेलो. एत्येनच्या तिसऱ्या पिंपात दोष सापडला, तो मी सांगितला, आणि त्याने बायकोकडे पाहिलं, आणि दोघं हसले. पेढीचा पोरगा म्हणतो की तुमच्यासारखं नाक आता बनत नाही. घरी व्हिनेगर दुकानातून येतं, प्लास्टिकच्या बाटलीत. ओदील माझ्याशी नीट बोलते, रविवारी सिल्व्हँ येतो, सगळं ठीक आहे. फक्त सकाळी दूध उघडलं की ती ते हुंगत नाही. बाटली माझ्यापुढे ठेवते आणि मी सांगेपर्यंत उभी राहते.